चारित्र्याला दहा

लेस्टरहून भालचंद्र खासगीवाल्यांचा फोन आला.
बक्षिसाचे पैसे माझे, म्हणाले, तर विषयही माझाच:
"ब्रिटनचा थोर पंतप्रधान कोणास म्हणावे?"
दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाचा
मागच्या वर्षीचा विषय होता "आदर्श शेजारी".

एकोणीस निबंध आले.
नावे झाकलेली, वर नुसते आकडे.
परीक्षक मी आणि पागेदार मास्तर,
मध्ये सेव-उसळीच्या दोन बश्या
आणि मास्तरांनी पट्टीने आखलेला तक्ता:
युद्ध पंचवीस, कायदे पंचवीस,
वक्तृत्व वीस, किती वर्षे टिकला वीस,
चारित्र्य, उरले म्हणून, दहा.

"चारित्र्याला दहाच?"
"बाई, पंतप्रधान निवडतोय. जावई नाही."

अकरा जणांनी चर्चिल लिहिला.
त्यातल्या नऊ निबंधांत पहिल्याच ओळीत सिगार पेटलेली.
एकाच्या समासात, बारीक अक्षरात,
"बंगाल, त्रेचाळीस, भूक"
आणि पुढे काहीच नाही,
हिशेबात न बसलेली रक्कम
कोपऱ्यात लिहून ठेवतात तशी.

ॲटली चौघांनी. तो कमी बोलायचा,
निबंधही एकेक पानाचे.
मास्तरांनी वक्तृत्वाला तीन दिले
आणि पेन उघडे ठेवून बसले.
"आपण सुटलो ते ह्याच्याच वेळेला ना?
ते कुठल्या रकान्यात घालू?"
उसळीवरची सेव मऊ पडली.

सात नंबर आमच्याच गल्लीतला असावा.
त्याने लिहिले होते:
अठराशे पंच्याहत्तरात आमच्या मल्हाररावांची चौकशी झाली,
रेसिडेंटच्या सरबतात विष घातले म्हणून.
तीन गोरे म्हणाले दोषी,
तीन आपले म्हणाले सिद्ध होत नाही.
गादी तरीही गेली.
मल्हारराव काही संत नव्हते, हे मला ठाऊक आहे.
पण तेव्हा लंडनला डिझरायली होते, पुस्तकात थोर आहेत,
आणि मला एवढेच विचारायचे आहे
की त्या आठवड्यात त्यांच्या तोंडून
बडोदे हा शब्द किती वेळा निघाला.

"प्रश्नाला धरून नाही," मास्तर म्हणाले,
आणि बासष्ट दिले.
का, ते मी विचारले नाही.

मग चौदा नंबर.
अक्षर वाकडे, वय अकरा-बारा,
"पंतप्रधान"मधला "प" दोनदा गिरवलेला.

"मी टीव्हीवर बघितले. तिकडे हरलेला माणूस
दुसऱ्या दिवशी घराबाहेर येऊन बोलतो.
थँक्यू म्हणतो. बायको बाजूला उभी असते.
मागच्या दाराला सामानाची गाडी लागते.
तोवर नवीन माणूस येतोसुद्धा.
ज्याला खोके आधीच भरून ठेवता येतात तो थोर.
माझे पप्पा सोसायटीचे चेअरमन आहेत,
मी जन्मलो त्याच्या आधीपासून.
मीटरच्या खोलीची चावी ते
आंघोळीलासुद्धा बरोबर नेतात."

मी हसले.
मास्तर हसले नाहीत.
मंडळाचे चिटणीस ते, सव्वीस वर्षे.
चष्मा काढला, पुसला, परत तोच परिच्छेद वाचला.
तक्त्याच्या उजवीकडे जागा नव्हती,
तरी पेन्सिलीने एक रकाना ओढला, मथळा दिला नाही.

"गाडी खरंच दुसऱ्या दिवशी येते?"
"म्हणतात."
"आणि खोके कोण देतं? सरकार?"
ते मला माहीत नव्हते.

पहिला नंबर शेवटी चर्चिललाच गेला.
खासगीवाल्यांना तेच हवे होते, पौंड त्यांचे होते.
चौदाला उत्तेजनार्थ, एक पेन.

निघताना मास्तरांनी कुलूप लावले,
ओढून पाहिले, नेहमीसारखे दोनदा.
चावी डाव्या खिशात टाकली.
सुरसागरापर्यंत आम्ही काही बोललो नाही.
तिथे त्यांनी ती बाहेर काढली,
दिव्याखाली धरून बघितली,
जणू दात मोजत होते तिचे,
आणि उजव्या खिशात ठेवली.